लाल गाडीनं पाडलं

१

उतारावरच्या पहिल्याच वळणाआधी रत्नदीपनं करकचून ब्रेक मारला आणि हात वर केला. मागच्या तिन्ही गाड्या एकामागोमाग थांबल्या. सूर्य बुडून पंधरा मिनिटं झाली होती. पश्चिमेला अजून तांबडं होतं, पण वाटेवरचं दिव्याशिवाय नीट दिसत नव्हतं. गाडीच्या झोतात, वीसेक पावलांवर, एक म्हातारा मेंढपाळ गुडघे टेकून बसला होता. त्याच्यापुढं वाटेच्या मधोमध एक बाई आडवी पडली होती.

"सोनबा! काय झालं?" रत्नदीप ओरडला.

म्हाताऱ्यानं नुसती मान वर केली.

रत्नदीपचा अंगठा पुन्हा ॲक्सिलरेटरवर गेला तेवढ्यात मागच्या लाल गाडीवरून आवाज आला, "गाडी हलवायची नाही! कुणीच नाही. पायी चला, आणि वाटेच्या कडेनं चला."

सांगणाऱ्याच्या आवाजात अशी काही सवय होती की सगळ्यांनी ऐकलं. आळे गावचे हौशीराम कुऱ्हाडे एसटीत एकतीस वर्षं होते. त्यातली शेवटची बारा वर्षं त्यांनी अपघाताच्या जागी टेप घेऊन जायचं, चाकांच्या खुणा मोजायच्या, ड्रायव्हरचे जबाब घ्यायचे आणि रिपोर्ट लिहायचा, एवढंच काम केलं होतं.

त्यांची मुलगी सुप्रिया पुण्यात नर्स होती. ती आधीच धावत पुढं गेली होती. तिनं बाईची नाडी पाहिली, डोक्यामागं हात घातला. अंगाखाली काळी घोंगडी होती, चौघडी केलेली.

"आजी, ऐकू येतंय का? कुठं दुखतंय?"

सोनबाच्या बायकोनं, सारजाबाईनं, डोळे उघडले. ओठ हलले. सगळे वाकले.

"लाल," ती म्हणाली. "लाल गाडीनं पाडलं मला."

चार गाड्यांपैकी लाल एकच होती. सगळ्यांच्या माना हळूहळू हौशीरामांकडे वळल्या.

२

फेब्रुवारी २००८ मधली ही गोष्ट. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावाच्या पश्चिमेला, पठार जिथं तुटतं तिथं, गोंदवाडी नावाची वाडी आहे. तिथल्या रत्नदीप रोकडेनं नऊ वर्षं पिंपरीला कारखान्यात काढली आणि एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या चार क्वाड बाइक घेऊन तो गावी परतला. चार चाकांच्या त्या फटफट्या त्यानं स्वतःच्या हातानं उघडून पुन्हा उभ्या केल्या, रंगवल्या, आणि पावण्यांना संध्याकाळचं खोरं दाखवायला सुरुवात केली. वाट गायरानातून जायची, म्हणून ग्रामसभेनं तीन महिन्यांची परवानगी दिली होती. ती चालू ठेवायची की नाही, हे अपघाताच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ग्रामसभेत ठरणार होतं.

हौशीरामांना निवृत्त होऊन चार महिने झाले होते. घरी ते ओट्यावर बसत आणि रस्त्यावरून गाडी गेली की घड्याळ बघून "सव्वादहाची आली, वीस मिनिटं लेट" असं पुटपुटत. सुप्रियानं ते दोन सुट्ट्यांत पाहिलं आणि तिसऱ्या सुट्टीत त्यांना हाताला धरून गोंदवाडीला आणलं.

"या वयात मला खेळण्यात बसवणार का?" ते कुरकुरले होते.

"अप्पा, गाडी तुम्हीच चालवायची. मी मागं बसते."

त्या संध्याकाळी हिरव्या गाडीवर पुढं रत्नदीप होता. तिच्या मागं लाल गाडीवर हे बापलेक. निळीवर वाडीचे उपसरपंच सोपान थोरवे. उद्याच्या सभेआधी वाट डोळ्यांनी बघायची म्हणून आले होते. सगळ्यात मागं पिवळीवर नचिकेत नावाचा पुण्याचा तरुण इंजिनिअर. निघताना तो म्हणाला होता, "मी हिमालयात बुलेट चालवलीय. माझी काळजी करू नका."

रत्नदीपनं सगळ्यांना समजावलं. किल्ली फिरवायची, बटण दाबायचं, उजव्या अंगठ्यानं वेग द्यायचा. चढावर हळू. अंगठा एकदम दाबला तर गाडी पुढं उसळते.

शाळूच्या कापलेल्या रानांमधून वाट चढत गेली. डाव्या हाताला घोड नदीचं खोरं उघडत गेलं. एकामागं एक निळ्या होत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा, आणि लांब डिंभे धरणाच्या पाण्याची चकाकती पट्टी. माथ्याआधीच्या शेवटच्या वळणाशी मेंढरांचा कळप बाजूला उभा होता. सोनबा गाड्यांकडे पाठ करून उभा राहिला. मागच्या सभेत त्यानंच उभं राहून सांगितलं होतं, "जनावरं बुजत्यात. बंद करा ह्ये." सारजाबाई मात्र कपाळावर हात धरून शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. सुप्रियानं हात हलवला. तिनंही हलवला.

माथ्यावर गाड्या लावून कड्यापर्यंत दहा मिनिटं खडकांतून पायी जायचं होतं. नचिकेत बराच मागं पडला होता, तो पाठीमागून आला. घामाघूम आणि गप्प. कड्यावर वारा मोठा होता. सोपानराव "जरा रेंज बघतो" म्हणून उजवीकडच्या खडकाआड गेले. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा सुप्रिया म्हणाली, "कुणाची गाडी चालू झाली का?"

"खालच्या पाणंदीत ट्रॅक्टर असंल," रत्नदीप म्हणाला. मग सगळेच सूर्याकडे बघत राहिले.

परत येऊन हौशीराम लाल गाडीवर बसले आणि लगेच ओरडले. पोटरी सायलेन्सरला लागून सणसणीत चटका बसला होता. सुप्रिया हसत होती. त्यानंतर दोनच मिनिटांत रत्नदीपनं तो ब्रेक मारला.

३

धडकेचा आवाज कुणाच्याच कानावर आला नव्हता, आणि चारही गाड्यांवरचे लोक म्हणत होते, आम्ही नाही.

घोंगडीची झोळी करून चौघांनी सारजाबाईला खाली आणलं. गाड्या जिथल्या तिथं ठेवल्या. किल्ल्या काढून रत्नदीपनं खिशात घातल्या. जीपमधून सोनबा, सुप्रिया आणि सारजाबाई मंचरच्या दवाखान्यात गेले. साडेनऊला सुप्रियाचा फोन आला. डाव्या मनगटाचं हाड मोडलंय, माकडहाडाला मार आहे, डोक्यामागं टेंगूळ आहे. जिवाला धोका नाही. आजी झोपल्यात.

रत्नदीपच्या अंगणात खुर्च्या टाकून सगळे बसले होते. सोपानरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"उद्या सभेत मी सांगनार. ही वाट बंद. आन दवाखान्यातून लिहून आलं की पोलीस केस. पावणं, वाईट वाटून घेऊ नका, पन लाल गाडी तुमचीच व्हती."

"होती," हौशीराम म्हणाले. "म्हणून तर मला उद्या अकरापर्यंत वेळ द्या. एकेकाला चार प्रश्न विचारतो. मलाही कुणीतरी विचारा."

कुणी विचारलं नाही. त्यांनी नचिकेतपासून सुरुवात केली.

"तुमच्या गाडीचा पुढचा बंपर चेपलाय. जाताना चेपलेला नव्हता. आणि तुम्ही माथ्यावर सगळ्यांच्या मागून आलात."

नचिकेत लाल झाला. मग कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी चाळा करत खालच्या आवाजात म्हणाला, "काका, एका बाजूला सरळ दरी होती. मला भोवळ आली. मी डोळे मिटले आणि गाडी दगडावर गेली. थोडा वेळ बसून राहिलो. हिमालयाचं... मी मित्राच्या मागं बसलो होतो. ते पण बसमधून जास्त."

"तिथं मेंढरं होती?"

"मी निघालो तेव्हा वाट ओलांडत होती, वरच्या अंगाला जात होती. त्या आजींनी मला पाणी दिलं."

"म्हणजे तेव्हा त्या धडधाकट होत्या. कड्यावर फोटो काढले का?"

"भरपूर."

हौशीरामांनी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला. एका फोटोत सूर्य अर्धा बुडालेला होता आणि उजव्या कोपऱ्यात खडकावर एका माणसाची काळी आकृती होती, कानाला फोन लावलेली. खाली वेळ उमटली होती, सहा छत्तीस.

मग त्यांनी रत्नदीपला बाजूला घेतलं.

"माथ्यावर किल्ल्या कुठं होत्या?"

"तुम्ही पुढं झालात तेव्हा मी काढून खिशात घातल्या. निघताना परत लावल्या."

"चारही?"

"चारही."

तो डोळ्याला डोळा देत नव्हता. हौशीरामांनी पोटरीवरची पँट वर केली. चटक्याची लाल रेघ उमटली होती.

"रत्नदीप, आपण माथ्यावर तासभर गाड्या सोडून होतो. एवढ्या वाऱ्यात बसचं इंजिनसुद्धा कोमट होतं. हे खेळणं मला भाजतं कसं?"

रत्नदीपनं खाली बघितलं. 

"गाड्यांनाच होत्या," तो शेवटी म्हणाला. "मीच नियम केलाय, किल्ली काढायची. पण त्या माळावर कोन येतंय, म्हणून कधी काढत नाय. सभेत हे कळलं तर माझं संपलंच, काका. चार गाड्यांसाठी मी नोकरी सोडलीय."

म्हणजे सगळे कड्यावर असताना लाल गाडी कुणीतरी नेली होती, आणि जिथून नेली तिथंच परत आणून लावली होती.

४

दिवस उगवायच्या सुमाराला हौशीराम आणि रत्नदीप वळणापाशी पोचले. हौशीराम काठीनं दाखवत वाटेच्या कडेनं चालू लागले. त्यांच्या चालीत आता कालचा जडपणा नव्हता.

"काय दिसतं, सांग."

रत्नदीप वाकला. "मेंढरांची खुरं. सगळी वाट भरलीय."

"आपण वर गेलो तेव्हाच्या चाकांच्या खुणा कुठंयत?"

"खुरांखाली. मोडल्यात."

"बरोबर. आपल्यामागून कळप वाट ओलांडून वर गेला. आता नीट बघ. खुरांच्या वर काय आहे?"

रत्नदीप गुडघ्यांवर बसला. खुरांच्या ठशांवर टायरची ताजी नक्षी होती. एकाच गाडीची. ती वरून उतरून आली होती, वळणाच्या खालच्या सपाटीवर मोठा वाकडातिकडा वळसा घेऊन फिरली होती आणि पुन्हा चढून वर गेली होती. काल त्यांच्या चार गाड्या वळणाच्या वरच थांबल्या होत्या, तेव्हा या खुणा त्यांच्या नव्हत्या.

"ब्रेक कुठं मारलाय?"

"कुठंच नाय. पन इथं मागच्या चाकांनी माती उकरलीय. अंगठा एकदम दाबल्यावर होतं तसं."

"चढावर. जिथं सारजाबाई पडल्या होत्या, तिथंच."

हौशीराम वाटेवर उकिडवे बसले. सुप्रियानं रात्री फोनवर सांगितलेलं त्यांना आठवत होतं. अप्पा, आजींच्या गुडघ्याला, नडग्यांना खरचटलेलंसुद्धा नाही. एवढ्या बुटक्या गाडीनं माणसाला उडवलं तर आधी पाय जातात. त्यांनी असे दोनशे तरी रिपोर्ट लिहिले होते. माकडहाड, डोक्याची मागची बाजू, मागं टेकलेला हात. हा मार धडकेचा नव्हता.

ते लाल गाडीपाशी आले. मागच्या कॅरिअरच्या नळीवर, वेल्डिंगच्या टोकात, काहीतरी अडकलं होतं. त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिलं. काळ्या लोकरीचे राठ धागे.

"घोंगडीचे," रत्नदीप म्हणाला. "काका, पन सोपानराव कड्यावरनं गायब झाले व्हते. त्यांना वाट बंदच करायचीय. कुठल्या तरी रिसॉर्टवाल्याला ती जागा दाखवून झालीय, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. त्यांनीच गाडी नेऊन..."

"सूर्य बुडताना सुप्रियानं गाडीचा आवाज ऐकला. त्याच वेळी सोपानराव खडकावर फोनवर बोलत होते. नचिकेतच्या फोटोत आहेत ते. फोन कुणाला करत होते, ते माझ्या रिपोर्टचं काम नाही." हौशीरामांनी धागे कागदात गुंडाळले. "शिवाय सारजाबाई त्यांच्यामागं बसल्या असत्या का?"

"बसल्या?" रत्नदीप उठून उभा राहिला.

"मला मंचरला घेऊन चल. तिकडच्या माणसाला अकराच्या आत भेटलं पाहिजे."

५

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर सारजाबाई उशीला टेकून बसली होती. हाताला पांढरं प्लास्टर. सुप्रिया तिला चहात बिस्कीट बुडवून देत होती. सोनबा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दिसत होतं. रत्नदीप दाराबाहेरच थांबला.

हौशीरामांनी स्टूल ओढून घेतलं.

"सारजाबाई, तुमच्या घरी घोडी होती का कधी?"

"व्हती की. पावसाळा सरला की बिऱ्हाड लादून हिंडायचो आमी. दोन घोड्या व्हत्या."

"घोडीनं लाथ मारली तर काय म्हणाल?"

"लाथ मारली म्हनंन."

"आणि घोडीनं पाडलं, असं केव्हा म्हणाल?"

सारजाबाईनं पदर तोंडाशी नेला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि हौशीरामांना वाटलं, बाई हसू दाबतेय.

"वर बसलेल्या माणसाला घोडी पाडते," हौशीराम म्हणाले. "समोरनं आलेल्या गाडीनं ठोकरलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, गाडीनं उडवलं, गाडी अंगावर आली. तुम्ही म्हणालात, पाडलं. आम्ही सगळे शहाणे, ऐकलं एक आणि समजलो दुसरं."

सुप्रियाच्या हातातलं बिस्कीट कपात गळून पडलं.

"म्या खरं तेच बोलले," सारजाबाई म्हणाली. "पाडलं म्हनलं. कुठनं पाडलं, ते कुनी इचारलंच न्हाई!"

सोनबानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

हौशीराम त्याच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. इंजिनाचा चटका, खुरांवरची नक्षी, सपाटीवरचा वळसा, उकरलेली माती, कॅरिअरमधले धागे, सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं.

"मागं बसायला टोचू नये म्हणून तुम्ही घोंगडी चौघडी करून कॅरिअरवर टाकलीत. उतरताना नीट गेलात. परत चढताना अंगठा जोरात दाबला गेला, गाडी उसळली आणि त्या घोंगडीसकट मागं पडल्या. अशा चढावर गाडी थांबवता येत नाही, म्हणून तुम्ही वर नेलीत, जागेवर लावलीत आणि धावत खाली आलात. आणि या माळावर सारजाबाई ज्याच्या पाठीला धरून बसतील असा माणूस एकच आहे, सोनबा."

सोनबानं तोंडावरचे हात खाली घेतले.

"चाळीस वर्सं ही मेंढरांमागं चालली, सायेब," सोनबा म्हणाला. "पोटुशी असताना चालली. महिनाभर रोज त्या गाड्या बगायची. काल म्हनली, एकदाच बसू या. सगळी कड्यावर हायेत. किल्ली, बटन, अंगठा. ह्यो रत्नदीप रोज वरडून शिकिवतो, मला पाठच झालंय. मी नको म्हनलं. मग म्हनलं, चल."

"मग काल सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगू? गेल्या सभेत मीच उभा ऱ्हाऊन बोंबाललो, बंद करा म्हनून. आन त्याच गाडीवर बायकुला मागं बसवून... गाव हसंल. वर रात्री ह्या ताईंनी सांगितलं, सोपानभाऊ पोलीस केस करनार म्हनून. तिथनं पुढं जीभच उचलंना. पोराचं नुसकान करायचं माज्या मनात न्हवतं."

"मी सांगनार व्हते," सारजाबाई म्हणाली. "पन ह्यांच्या तोंडून जायला पायजे, म्हनून गप बसले रात्रभर."

दारात रत्नदीप उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो आत आला नाही, आणि गेलाही नाही.

हौशीराम उठले. "सोनबा, एसटीत मी रिपोर्ट लिहायचो तेव्हा आधी ड्रायव्हरचा जबाब, माझं मत मागून. अकराला सभा आहे. तिथं मी तुमचं नाव घेणार नाही."

"आन मी आलो न्हाई तर?"

"तर या पोराची वाट बंद होईल," हौशीराम म्हणाले, "आणि मी आळ्याला निघून जाईन."

६

मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. अकरा वाजून गेले. सोपानरावांनी उभं राहून कालची हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आपल्या वाडीची एक म्हातारी आज दवाखान्यात पडलीय. ज्यांना वाट बंद करायचीय त्यांनी हात वर करावा."

रत्नदीप आधी उठला. "मला एक सांगायचंय. गाड्यांच्या किल्ल्या मी काढल्या नव्हत्या. चूक माझी आहे." बाकी काही न बोलता तो खाली बसला. हौशीरामांनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. त्याला सोनबाचं नाव घेता आलं असतं.

लोकांत कुजबुज झाली. दोन-चार हात वर आले, मग आणखी काही. हौशीराम रस्त्याकडे बघत होते. मंचरहून येणारी गाडी फाट्यावर थांबते आणि तिथून वाडी पंधरा मिनिटं. घड्याळात अकरा वीस झाले होते.

"मोजा," सोपानराव म्हणाले.

"थांबा! थांबा जरा!"

देवळाच्या मागून, धापा टाकत, पटका हातात घेऊन सोनबा येत होता. माणसांमधून वाट काढत तो पुढं आला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"तिला कुनी ठोकरलं न्हाई," तो म्हणाला. "मी पाडली. लाल गाडी मी चालिवली. ती मागं बसली व्हती."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळी सभा हसायला लागली. सोनबा मान खाली घालून उभा होता. पण हसण्यात बोचणारं काही नव्हतं, हे त्याला हळूहळू उमगलं असावं. त्यानं मान वर केली.

"हसा. हसायसारखंच हाय. पन पोराच्या डोक्यावर माजं पाप नको. मागच्या सभेत बंद करा म्हनलो, ते बी मीच."

म्हातारी लंकाबाई पुढंच बसली होती. तिनं विचारलं, "सोनबा, खरं सांग. कसं वाटलं रं गाडीवर?"

सोनबानं पटका डोक्यावर ठेवला, पुन्हा काढला.

"पडायच्या आदी सपाटीवर जरा थांबलो आमी दोगं," तो म्हणाला. "समोर सूर्व्या बुडत व्हता. सगळं खोरं तांबडं. पानी तांबडं. ती म्हनली, बगा तरी. लंकाबाई, माजी सगळी जिंदगी त्या माळावर गेली. पन सूर्व्या बुडताना कदी बगितला न्हवता. त्या वक्ताला मेंढरं मोजायची असत्यात."

हसणं थांबलं होतं.  मग लंकाबाईनं रत्नदीपकडे वळून विचारलं, "म्हाताऱ्यांना बसवतोस का रं?"

"बसवतो की, आजी. पन किल्ली माझ्याकडं."

सोपानरावांना सभा पुन्हा विचारावीच लागली. वाट चालू ठेवायची की नाही. कळप वाटेवर असला तर गाड्यांनी थांबायचं, ही अट सोनबानंच घातली. हात वर झाले आणि या वेळी मोजायची गरज पडली नाही. सोनबाचा हात सगळ्यात शेवटी खाली आला. मग तो रत्नदीपपाशी गेला. 

"माती लई उकरली गेली त्या चढावर," सोनबा म्हणाला. "उद्या येतो मी फावडं घिऊन."

"या," रत्नदीप म्हणाला. "दोघं मिळून नीट करू."

हौशीरामांनी पाराच्या कडेला जाऊन सुप्रियाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. सहा वाक्यांत, रिपोर्टसारखं. पलीकडे ती बातमी खाटेवर पोचवत होती ते त्यांना ऐकू येत होतं. मग सारजाबाईचा आवाज, मग सुप्रियाचं हसणं.

"अप्पा, आजी विचारतायत, प्लास्टर निघायला किती दिवस."

"सहा आठवडे, सांग."

"सांगितलं. त्या म्हणतायत, रत्नदीपला निरोप द्या. तेव्हा ह्यांना मागं बसवायचं, पुढं मी बसणार."